संस्थेच्या संकेतस्थळाची किल्ली कोणाच्या कनवटीला?

प्रश्न : नमस्कार. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली निवृत्त प्राथमिक शिक्षिका. आमची एक लहानशी नोंदणीकृत संस्था आहे. गावोगावच्या बायकांकडून धालो (पौषात बायका समोरासमोर दोन रांगांत उभ्या राहून गातात-नाचतात तो खेळ), फुगडी आणि ओव्यांची गाणी आम्ही मोबाइलवर ध्वनिमुद्रित करतो आणि शब्द उतरवून घेतो. आतापर्यंत दोनशेहून जास्त गाणी झाली. सगळं दोन व्हॉट्सॲप गटांवर आणि पाच-सहा जणींच्या फोनमध्ये पडून आहे. गेल्या पावसाळ्यात एकीचा फोन पाण्यात पडला आणि चाळीस गाणी गेली. आता संकेतस्थळ करायचं ठरलंय, शिवाय एकाच गाण्याच्या वेगवेगळ्या गावांतल्या पाठांवर चर्चा करायला फोरमही हवा आहे. एका कंपनीनं ६५ हजार सांगितले. भाचा म्हणतो ड्रूपल घे, त्याचा मित्र म्हणतो डिस्कोर्स. मला यातलं काही कळत नाही. वर्षाला आठ-दहा हजारांवर आम्हांला झेपणार नाही. काय घ्यावं?

ताई,

सॉफ्टवेअरच्या आधी उरलेल्या गाण्यांचं बोलते, कारण संकेतस्थळ उभं राहायला दोन-तीन महिने जातील आणि फोन उद्याही पडू शकतो. या रविवारी सगळ्यांना फोन घेऊन एका घरी बोलवा. प्रत्येकीच्या फोनमधली मूळ फाइल केबलनं संगणकावर उतरवून घ्या. फोननं जशी फाइल केली तशीच ठेवा, फॉरमॅट बदलत बसू नका. यापुढचं मुद्रण फोनमधल्या रेकॉर्डरवर करा. व्हॉट्सॲपचं बटण दाबून धरून केलेला आवाज निरोपापुरता ठीक असतो, पण तो फार आकसून साठवला जातो. धालोत समोरासमोरच्या दोन रांगांतून गाणं पुढे जातं तेव्हा कोणत्या रांगेनं कोणता शब्द उचलला, हे नंतर ऐकून ठरवायचं असेल तर तो आवाज पुरत नाही.

जागा किती लागेल याची धास्ती घेऊ नका. तासाभराचं साधं एमपीथ्री मुद्रण साधारण ५८ एमबी होतं. तुमची दोनशे गाणी पाच-सहा मिनिटांची धरली तर सगळी मिळून वीसेक तास, म्हणजे सव्वा जीबीच्या आतबाहेर. एवढं गूगल ड्राइव्हच्या फुकट १५ जीबीत आरामात बसतं. एक प्रत तिथे आणि आणखी दोन प्रती दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत. आपल्याकडच्या पावसात कपाटातल्या पुस्तकांना बुरशी धरते, तिथे डिस्कचं काय होईल हे मी सांगायला नको. घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा आणि वर्षातून दोनदा जोडून बघा. हे झालं की मग शांतपणे सॉफ्टवेअर निवडू.

माझं उत्तर आधीच सांगते : संकेतस्थळासाठी वर्डप्रेस, स्वतःच्या नावाच्या डोमेनवर, साध्या शेअर्ड होस्टिंगवर. वर्डप्रेस म्हणजे संकेतस्थळ बांधायचं तयार सॉफ्टवेअर, डोमेन म्हणजे संकेतस्थळाचं नाव-पत्ता, आणि शेअर्ड होस्टिंग म्हणजे इतरांसोबत वाटून भाड्यानं घेतलेली सर्व्हरवरची जागा. फोरम आत्ता काहीच नको. आता कारणं.

भाच्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. ड्रूपल हेही संकेतस्थळ बांधायचंच सॉफ्टवेअर. मायबोली हे मराठी संकेतस्थळ १९९६ पासून आहे, मिसळपाव नंतर आलं. आपण मराठी माणसं जिथे वर्षानुवर्षं भांडलो, पाककृती विचारल्या, कविता टाकल्या, त्यातली मोठमोठी ठिकाणं ड्रूपलवर चालत आली. लेख आणि चर्चा एकाच छताखाली ठेवायची ताकद ड्रूपलमध्ये खरंच आहे. पण अशा ठिकाणांमागे तांत्रिक जाण असलेली माणसं सतत उभी असतात, आणि ड्रूपलला ती लागतात. ड्रूपलची सातवी आवृत्ती जानेवारी २०११मध्ये आली आणि ५ जानेवारी २०२५ला निर्मात्यांकडून तिला दुरुस्त्या मिळणं थांबलं. सातवरून पुढच्या आवृत्तीवर जाणं म्हणजे नुसतं अपडेटचं बटण दाबणं नव्हतं, जवळजवळ नव्यानं घर बांधून सामान हलवायचं काम होतं. मोठ्या संस्थेला ते जमतं. तुमच्याकडे ते भाच्यावर पडेल, आणि भाचा आज जिथे आहे तिथेच सहा वर्षांनी असेल का?

हा प्रश्न मी उगाच काढत नाही. काही वर्षांपूर्वी एका गावच्या वाचनालयाच्या संकेतस्थळाला मी मदत केली होती. गावातल्या एका हुशार, मनापासून झटणाऱ्या मुलानं सगळं केलं. डोमेन त्याच्या स्वतःच्या ईमेलवर घेतलं, पैसे त्याच्याच कार्डावरून गेले, वाचनालयानं ते त्याला रोख दिले. मी तिथे बसलेली होते आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पुढे तो बोटीवर नोकरीला लागला. नूतनीकरणाची स्मरणपत्रं त्याच्या जुन्या ईमेलवर येत राहिली, समुद्रावर त्यानं ती उघडली नाहीत. मुदत संपल्यावर नाव सोडवून घ्यायला थोडी सवलत मिळते, त्यानंतर जादा दंड भरून सोडवायचे तीस दिवस असतात, मग नाव बाजारात मोकळं होतं. आम्हांला कळलं तेव्हा ते भलत्याच कोणीतरी घेतलेलं होतं आणि होस्टिंगही बंद पडून पुसलं गेलं होतं. सहा वर्षांचे कार्यक्रम, फोटो, जुन्या सभासदांच्या आठवणी, सगळं गेलं. त्या मुलाला मी आजही दोष देत नाही. किल्ली संस्थेच्या हातात आहे की नाही, हे बघायचं काम आमचं होतं.

म्हणून सॉफ्टवेअर निवडायच्या आधी संस्थेच्या नावानं एक ईमेल खातं काढा. त्याचा पासवर्ड तुमच्याकडे आणि खजिनदारांकडे असू दे, खात्याला जोडलेला पर्यायी फोन नंबर तिसऱ्या व्यक्तीचा असू दे. पासवर्ड कागदावर लिहून, पाकीट बंद करून, संस्थेच्या नोंदणीपत्राच्या फाइलमध्ये ठेवा. समिती बदलली की इतिवृत्तात ओळ घाला : अमुक तारखेला पाकीट अमुककडे सोपवलं. संस्थेचा शिक्का आणि चेकबुक जसं सोपवता, तसंच. डोमेन याच ईमेलवर, संस्थेच्याच नावानं घ्या. डॉट ऑर्ग घ्या किंवा डॉट इन घ्या, मला दोन्ही चालतील. डॉट ऑर्ग एका वेळी दहा वर्षांपर्यंत घेता येतं. एखादी देणगी आली तर पाच वर्षांचं एकदम भरून टाका. डॉट भारत हे देवनागरी नावही मिळतं आणि मला ते मनापासून आवडतं, पण ते सोबतीला दुसरं म्हणून घ्या. फॉर्म भरताना कित्येक ठिकाणी अजून ते नाव स्वीकारलं जात नाही.

आता वर्डप्रेसच का. ते २००३पासून आहे, फुकट आणि मुक्त आहे, आणि जगातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त संकेतस्थळांमागे तेच आहे. तुमच्या दृष्टीनं या शेवटच्या गोष्टीचा अर्थ एवढाच, की भाचा गेला तर वाळपईत, डिचोलीत, फोंड्यात, म्हापशात ते हाताळणारं दुसरं कोणीतरी सापडेल. कॉलेजची मुलगीसुद्धा दोन दुपारींत शिकते. आतली बटणं मराठीत करता येतात. सामान उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येतं. ओढून-सोडून पानं बनवता येणाऱ्या विक्ससारख्या सेवा शिकायला याहून सोप्या आहेत, हे मान्य. पण तिथे बांधलेलं संकेतस्थळ जसंच्या तसं दुसरीकडे हलवता येत नाही. भाड्याच्या घराला स्वतःच्या खर्चानं फरशी घालण्यासारखं आहे ते.

एका जागी नवखी माणसं हमखास गोंधळतात, ती आधीच दाखवते. वर्डप्रेस डॉट कॉम ही एका कंपनीची सेवा आहे, तिथे खातं काढलं की तीच तुमचं सगळं सांभाळते आणि योजनेप्रमाणे पैसे घेते. वर्डप्रेस डॉट ऑर्गवर ते सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते तुम्ही स्वतःच्या होस्टिंगवर चढवता. मी तुम्हांला यातलं दुसरं, डॉट ऑर्गवालं सांगते आहे. बहुतेक होस्टिंगवाल्यांकडे ते एका बटणावर चढतं. होस्टिंग घेताना पहिल्या वर्षाच्या भावाला भुलू नका, नूतनीकरणाचा भाव विचारा. तो कित्येकदा दुपटीहून जास्त असतो आणि तुमचं आठ-दहा हजारांचं गणित त्यावरच ठरणार आहे. कुलपाच्या चिन्हासाठी, म्हणजे एसएसएल प्रमाणपत्रासाठी, कोणी वेगळे पैसे मागितले तर द्यायचे नाहीत. लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा संस्था ते फुकट देते आणि बरेच होस्टिंगवाले तेच बसवून देतात.

प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला वरून जोडायचे छोटे जोड-भाग, कमी घ्या. वर्डप्रेस फोडलं जातं ते बहुतेक वेळा जुन्या, अपडेट न केलेल्या प्लगइनच्या फटीतून. बॅकअपचं एक, स्पॅम म्हणजे फालतू जाहिराती अडवणारं एक, एवढ्यावर सुरुवात करा, आपोआप अपडेट होण्याची खूण चालू ठेवा. आणि बॅकअप घेताना एक लक्षात असू दे : वर्डप्रेसच्या ‘निर्यात’ बटणातून जी फाइल मिळते तिच्यात लेखांचा मजकूर असतो, फोटो आणि ध्वनिमुद्रणं नसतात, नुसते त्यांचे पत्ते असतात. कित्येकांना हे संकेतस्थळ बुडाल्यावर कळतं. तुमचा तर प्राणच ध्वनिमुद्रणांत आहे, म्हणून पूर्ण बॅकअप घेणारं प्लगइन हवं आणि त्याची प्रत होस्टिंगबाहेर, त्या गूगल ड्राइव्हवर जायला हवी. मुद्रणं सर्वांसाठी खुली करायला तुमच्या गायिकांची हरकत नसेल, तर इंटरनेट अर्काइव्हवरही चढवा. ती १९९६पासूनची ना-नफा संस्था आहे आणि जागेचे पैसे घेत नाही.

मराठीचे म्हणून दोन त्रास वेगळे आहेत. तुमचे जुने अहवाल छापखान्यात श्री-लिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये जुळवलेले असतील, तर ते तसेच चिकटवून चालणार नाहीत. पडद्यावर अगम्य अक्षरं दिसतील. आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांवर वाचता येणाऱ्या पद्धतीत, बदलून घ्यावे लागतील आणि बदलल्यावर जोडाक्षरं डोळ्यांखालून घालावी लागतील. तुमच्यासारख्या शिक्षिकेहून या कामाला योग्य कोण? दुसरा त्रास पत्त्याचा. लेखाचं शीर्षक मराठीत दिलं की वर्डप्रेस पानाचा पत्ताही मराठीत करतं. तो व्हॉट्सॲपवर चिकटवला की प्रत्येक देवनागरी चिन्हाची नऊ-नऊ अक्षरं होतात. ‘वाळपई’ एवढ्या शब्दाची पंचेचाळीस. टक्केचिन्हांची ती लांबच लांब माळ बघून लोक दाबायलाच घाबरतात. म्हणून शीर्षक मराठीत ठेवा, पण पत्त्याच्या चौकटीत रोमन लिपीत दोन-तीन छोटे शब्द हातानं घाला.

आता फोरम. डिस्कोर्स हे फोरम चालवायचं सॉफ्टवेअर सुंदर आहे, मी स्वतः वापरते. २०१३मध्ये ते आलं आणि जुन्या फोरमच्या मानानं फोनवर वाचायला खूप सोपं झालं. पण ते तुमच्या साध्या होस्टिंगवर चालत नाही. त्याला वेगळा सर्व्हर लागतो, निदान एक जीबी मेमरीचा, आणि ईमेल पाठवण्याची वेगळी व्यवस्था. बसवणारा जाणकार लागतो आणि नंतर बघणाराही लागतो. पीएचपीबीबी हे दुसरं फोरमचं सॉफ्टवेअर २०००सालापासूनचं आहे, ते साध्या होस्टिंगवर चालतं, पण स्पॅमवाल्यांच्या खोट्या खात्यांशी रोज झगडायची तयारी ठेवावी लागते. वर्डप्रेसच्याच पोटात बसणारं बीबीप्रेस आहे, तुमच्यासारख्यांना त्यातल्या त्यात तेच बरं.

पण यांपैकी कोणतंही घेतलं तरी पहिल्याच पायरीला काय विचारणार? ईमेल आणि पासवर्ड. ज्या बायका गाणी सांगतात त्यांच्यातल्या किती जणींना ईमेलची सवय आहे? त्यांचा फोन म्हणजे व्हॉट्सॲप, त्यांचं बोलणं म्हणजे आवाजाचा निरोप. साठीतली बाई टंकलेखन करून ‘आमच्या वाड्यावर दुसरं कडवं असं म्हणतात’ हे लिहिणार नाही, ती गाऊन दाखवील. फोरम उघडला आणि तिथे तुम्ही दोघी-तिघीच बोलत राहिलात, तर सहा महिन्यांत तो ओसाड पडेल. ओसाड जागेपासून लोक लांब राहतात. मी अशी रिकामी फोरम बरीच पाहिली आहेत. चांगल्या हेतूनं उघडलेली, पहिलं ‘स्वागत’ आणि खाली कोणीच नाही.

चर्चा आहे तिथेच, गटावर राहू द्या. एक काम मात्र नेमून द्या. दर आठवड्याला एकीनं गटावरचं कामाचं तेवढं निवडायचं आणि गाण्याच्या पानाखाली नोंद करायची : हा पाठ अमुक गावचा, सांगणारी अमुक, ऐकल्याचा महिना अमुक. प्रत्येक गाण्याला एक क्रमांक द्या आणि गटावर बोलतानाही तोच वापरा, म्हणजे ‘ते मघाचं गाणं’ कोणतं यावर वेळ जाणार नाही. वर्षभरात बाहेरची माणसं, अभ्यासक, दुसऱ्या तालुक्यांतल्या मंडळ्या पानाखालच्या प्रतिसादांत स्वतःहून बोलू लागली, निदान दहा-बारा जण टिकून, आणि तुमच्यातल्या दोघी रोज एकदा डोकावून उत्तर द्यायला तयार असतील, तेव्हा बीबीप्रेस चालू करा. तोवर त्याचा खर्च आणि जीवाला घोर नको.

त्या ६५ हजारांच्या कंपनीबद्दल. भाव जास्त की कमी, हे त्यांचं पत्रक बघितल्याशिवाय मी सांगणार नाही. मेहनतीचे पैसे लागतातच. त्यांना एवढंच लेखी विचारा की डोमेन कोणाच्या नावावर राहील, आतलं सॉफ्टवेअर त्यांचं स्वतःचं आहे की वर्डप्रेससारखं मुक्त, आणि दोन वर्षांनी तुम्ही दुसरीकडे गेलात तर सगळ्या फाइली कोणत्या रूपात मिळतील. उत्तर टाळलं तर पुढे जाऊ नका. ‘आमची स्वतःची प्रणाली’ असं अभिमानानं सांगितलं, तर जास्तच सावध व्हा.

आणखी दोन गोष्टी तुम्ही विचारल्या नाहीत, पण मला त्यांची जास्त काळजी वाटते.

पहिली, देणगीचं बटण. आज ना उद्या कोणीतरी सुचवेल. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक गावातला कोणी ना कोणी बाहेरदेशी आहे आणि गावच्या गाण्यांसाठी तो आनंदानं पैसे पाठवील. पण त्यानं पोर्तुगीज किंवा दुसऱ्या कुठल्या देशाचं नागरिकत्व घेतलेलं असेल, तर तो आपल्याच वाड्यावर जन्मलेला असला तरी कायद्यानं ती विदेशी देणगी ठरते. २०१०च्या विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आणि नवी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतलं खातं असल्याशिवाय ती घेता येत नाही. भारतीय पासपोर्टवर दुबईत नोकरी करणाऱ्यानं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवले, तर ती अडचण नाही. बटण लावायच्या आधी तुमच्या सनदी लेखापालांशी बसा. तोवर पानावर क्यूआर कोड टाकू नका.

दुसरी, परवानगी. धालोचा मांड, म्हणजे तो खेळायची जागा, बायकांचा आहे. पौषातल्या त्या रात्रींत जे गायलं जातं, ते गाणाऱ्या बायकांनी तुम्हांला विश्वासानं दिलं आहे. फोनवर मुद्रण करू दिलं याचा अर्थ जगानं ऐकावं असं त्यांनी म्हटलं, असा होत नाही. प्रत्येकीला संकेतस्थळ म्हणजे काय ते फोनवर दाखवा, तिचाच आवाज तिथून वाजवून दाखवा, मग विचारा. नाव द्यायचं का, नुसतं गाव द्यायचं का, की काहीच नको. होकार तिच्याच आवाजात मुद्रित करून त्या गाण्याच्या फाइलशेजारी ठेवा. एखादीनं नकार दिला तर गाणं डिस्कवर राहू दे, पानावर जाणार नाही. वर्डप्रेसमध्ये खासगी पानं करता येतात, पण ज्यावर मनापासून नकार आहे ते इंटरनेटवर चढवूच नका, कुलूप लावूनसुद्धा नको. फुगडीच्या पथकांत शाळकरी मुली असतात. २०२३च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यानं अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागितली आहे. मुलींचे नावासकट फोटो टाकायच्या आधी आईवडिलांची सही घ्या. कोणाचाही फोन नंबर पानावर नको.

गणपतीची चवथ आटोपली की कामाला लागा, पौषापर्यंत पन्नास गाणी नीट चढली तरी खूप झालं. सगळी दोनशे एकदम चढवायचा अट्टहास करू नका. ज्या गाण्याचे तीन गावांतले तीन पाठ तुमच्याकडे आहेत, अशा एखाद्यापासून सुरुवात करा. एका पानावर तिन्ही आवाज, खाली तिन्हींचे शब्द शेजारी शेजारी. ते पान तयार झालं की फोनवर उघडून त्या तिघींना ऐकवा, आणि त्या काय दुरुस्त्या सांगतात ते मला कळवा.